व्याख्यानाच्या दारात

कतारगाम, सुरत
२४ नोव्हेंबर १९९६

ति. सौ. अक्कास,
गायत्रीचा साष्टांग नमस्कार.

दिवाळीच्या पत्रात तू विचारलं होतंस, धुळ्याला दोन वर्षं घालून चित्रकला शिक्षिकेचा कोर्स केलास, त्याचं पुढे काय? तेव्हा उत्तर नव्हतं म्हणून करंज्या कशा झाल्या ते लिहिलं. आता उत्तर आहे. तुझी बहीण व्याख्याती झाली! हसू नकोस.

आमच्या गल्लीच्या टोकाला नगरपालिकेची मराठी शाळा आहे. तिथले मोठे गुरुजी पांडुरंगसर नांदेडकडचे. त्यांच्या कपाटात सरकारने दिलेला स्लाइड प्रोजेक्टर कागदसुद्धा न काढता पडून होता. मी म्हटलं, सर, मला द्या, संध्याकाळी पोरांना चित्रं दाखवते, जुन्या गोष्टी सांगते. सर म्हणाले, पगार नाही. मी म्हटलं, मागितला कोणी? झालं. दर बुधवारी आणि शनिवारी, दिवे लागायच्या वेळेला, कला आणि इतिहास. दहा वर्षांपासून सोळा वर्षांपर्यंतची मुलं, बहुतेक आपल्या खानदेशातली, लूमवाल्यांची. तुझ्या मेव्हण्यांनी कारखान्यातून ग्रे कापडाचा, म्हणजे छपाईआधीच्या कोऱ्या कापडाचा तुकडा आणला, तो आमचा पडदा. वाल्मिक लूमवर बारा बारा तास उभे असतात, तरी तेवढं लक्षात ठेवून आणलं म्हणून मी खूश.

पहिलं व्याख्यान कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजांच्या आणि डचांच्या थडग्यांवर दिलं. पोरं रोज त्यांच्यावर चढून लपाछपी खेळतात, त्यांना वाटायचं कुठल्या तरी पिराची जागा आहे. मी सांगितलं, हे गोरे लोक लांबून कमवायला सुरतेला आले आणि इथेच मेले. तेव्हा स्नेहा नावाची एक बारीकशी मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, मग त्यांना गावाकडे नाही नेलं?" मी म्हटलं, गाव फार लांब होतं. अक्का, ह्यांच्या घरात म्हातारं माणूस आजारी पडलं की हाच विषय असतो ना. मी घाईने पुढची स्लाइड लावली.

सगळं छान, फक्त एक खडा. सासूबाई. मी निघाले की गोणपाटाचा तुकडा काखेत मारून मागोमाग. मी मागे प्रोजेक्टरपाशी असते, त्या पुढे पडद्याजवळच्या दारात बसतात, माझ्याकडे तोंड करून. पडद्याकडे एकदाही बघत नाहीत. मी कुठे पळून जाणार आहे?

दाजींना नमस्कार.
तुझी,
गायत्री


जळगाव
१५ डिसेंबर १९९६

चि. सौ. गायत्रीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. व्याख्याती म्हणे! लहानपणी अभ्यास करताना भिंतीशी बोलायचीस, आता समोर माणसं बसवलीस एवढाच फरक. पण खरं सांगू, मला फार आनंद झाला. पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. त्या थडग्यांना घुमट आहेत का? आत जाता येतं का? खिडक्या कशा आहेत? तू नुसतं 'थडगी' लिहून पुढे गेलीस. ह्यापुढे सगळं व्याख्यान लिहीत जा, म्हणजे मी मागच्या बाकावर बसलेय असं वाटेल.

इकडे आमचं उत्तम. ह्यांना बढती मिळाली. फ्रीज घेतला, निळ्या रंगाचा. माझं बाहेर फारसं पडणं होत नाही, थंडी खूप आहे ह्या वर्षी.

सासूबाईंचं मात्र मला आवडलं नाही. सुरुवात अशीच होते. आधी दारात बसतात, मग दारच त्यांचं होतं. सांभाळून राहा. मोठी म्हणून सांगते.

एक काम कर. पत्र ह्यापुढे शेजारच्या लीलाबाईंच्या पत्त्यावर टाक. आमची पत्रपेटी मोडली आहे.

तुझी,
अक्का


कतारगाम, सुरत
२३ फेब्रुवारी १९९७

ति. अक्कास,
सा. न.

थडग्यांना घुमट आहेत, आत जाता येतं, कमानीतून वारा येतो आणि कबुतरांचा वास. खिडक्यांचं सविस्तर पुढे कधीतरी. आज माझं डोकं ठिकाणावर नाही.

गेल्या शनिवारी मी सुरतेवरच्या मराठ्यांच्या स्वारीवर बोलले. शाळेत ही पोरं धडा पाठ करतात तेव्हा छाती फुगवतात, आणि गल्लीत गुजराती मित्रांशी भांडण झालं की ते म्हणतात, "तमे तो लूंटारा!" म्हणजे तुम्ही लुटारू. ह्या दोन्हींच्या मधे ही मुलं राहतात आणि त्यांच्याशी ह्यावर कोणी बोलत नाही. स्नेहाने विचारलं, "बाई, आपण खरंच लुटारू होतो का?" मी नकाशा लावला. किल्ला कुठे, बाजार कुठे, जहाजं कुठे लागायची. मग म्हटलं, आता निम्म्यांनी घोड्यावरून बघायचं आणि निम्म्यांनी दुकानाच्या ओट्यावरून, आणि मला सांगायचं काय दिसतंय. ओट्यावरची पोरं काय बोलली म्हणून सांगू! एक म्हणाला, "मी गल्ला सोडून आजीला उचलीन." त्या तासासारखा तास मी आयुष्यात घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी छगनभाऊ आणि आणखी दोन बाप दारात हजर. बाई पोरांना काय भलतंच शिकवतात? आणि अंधार पडेपर्यंत पोरी बाहेर कशाला? बुधवारी वर्गात मोजकी पोरं, मुलगी एकही नाही. रडूच आलं. पण काल शनिवारी बघते तर वर्ग भरलेला, सगळ्या मुली पुढे. काय जादू झाली देव जाणे. मी विचारायला गेले नाही, उगाच कशाला खपली काढा.

पण सासूबाईंचं आता असह्य झालंय. तो गोणपाट, ती नजर. येणाऱ्याजाणाऱ्याला हटकतात, कुठे चालला म्हणून विचारतात. मी शिल्पकलेबद्दल बोलत असते आणि त्या मला जोखत असतात. चौकबाजाराच्या लायब्ररीत एकटी जाते म्हटलं तर, "एकली कसाले जास? वाल्मिकले सुट्टी व्हई तधळ जा." वाल्मिकला सुट्टी कधी असते? असली की ते झोपतात. अक्का, ह्या गावात मी कोंडलेली आहे. आठवड्यातले ते दोन तास सोडले तर मला श्वास घेता येत नाही, आणि त्या दोन तासांनासुद्धा दारात पहारेकरी बसलेला. पहारेकरीच, दुसरा शब्द नाही.

तुझी,
गायत्री


जळगाव
९ मार्च १९९७

चि. गायत्रीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. तू निम्मंच लिहिलंस, मला कळतं. दाराला बाहेरून कडी घालून जायचं, आलेली पत्रं आधी स्वतः फोडायची, भाजीवाल्याशी किती वेळ बोललीस ते विचारायचं, आणि वर चारचौघांत म्हणायचं, आमच्या सुनेला काय कमी आहे? हे सगळं सांगायला लाज वाटते म्हणून बाई म्हणते, नजर ठेवतात. आणि माणूस हळूहळू त्या कडीच्या आवाजालाच सरावतो, हे त्यातलं सगळ्यात वाईट. तुला मी सरावू देणार नाही.

तू लहान आहेस, तुझ्यात अजून बोलायची धमक आहे. मी योगेंद्रदादाला लिहिलं आहे. तुझ्या पत्रातला पहारेकऱ्याचा भागही उतरवून पाठवला. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, तो मुऱ्हाळी म्हणून येईल. आखाजीला लेकीला न्यायला आलेल्या भावाला कोणी नाही म्हणू शकत नाही. एकदा घरी आलीस की आबा आणि दादा बघून घेतील. ते लोक येऊन शब्द देईपर्यंत परत जायचं नाही.

धीर धर.
अक्का


कतारगाम, सुरत
३० मार्च १९९७

अक्का,

हे तू काय करून बसलीस? बाहेरून कडी मी कुठे लिहिली? पत्रं फोडतात असं कुठे लिहिलं? सासूबाईंना लिहितावाचता येत नाही, त्या पत्र फोडून करतील काय? मी रागाच्या भरात लिहिलं आणि तू त्याला मीठमसाला लावून दादाकडे पाठवलंस. माझा तुझ्यावर फार राग आहे, आणि तो ह्याच पत्रात काढते म्हणजे भेटल्यावर शिल्लक राहणार नाही.

माहेरी मला यायचंय. झोक्यावर बसायचंय, मायच्या हातची पुरणपोळी खायचीय, तुझ्याशी पोटभर भांडायचंय. पण चार दिवस. जूनपासून अजिंठ्यावर सलग व्याख्यानं ठेवली आहेत, सरांनी स्लाइडचा संच मागवून दिलाय. पोरं आतापासून विचारतात. दादाला कळव की घरात काही बिघडलेलं नाही, नेहमीसारखा ये आणि नेहमीसारखा ने. आजच्या आज कळव.

गायत्री


दोंडाईचा
२२ मे १९९७

ति. अक्कास,
सा. न.

तुझं उत्तर आलं नाही, दादा मात्र आला.

वाल्मिक पाळीवर होते. सासूबाईंनी पाणी दिलं, चहा ठेवला. दादाने कपाला हात लावला नाही. गॅलरीत उभं राहून, सगळा मजला ऐकेल अशा आवाजात म्हणाला, "माझ्या बहिणीला कोंडून ठेवता, वर दारात पहारेकरी होऊन बसता, लाज वाटत नाही का?" शेजारणी दारादारांत आल्या. सासूबाईंचं तोंड मी असं कधी पाहिलं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "लई जा तुन्ही बहीनले. लई जानारा तूच, आनी सोडनारा बी तूच." आणि आत जाऊन पाठ फिरवून बसल्या. मी पाया पडले तर पाय ओढून घेतले.

इथे माहेरी आखाजी झाली. झोका होता, गाणी होती, गौराई होती. माय म्हणाली, तुझा निरोप आला, घरी पाहुणे आहेत म्हणून. आखाजीला पाहुणे? सगळ्या खानदेशात लेकी माहेरी जातात त्या दिवशी तुझ्याकडे कोण पाहुणे आले ग? मला तुझा फार राग आला होता, पण झोक्यावर तू शेजारी नव्हतीस तेव्हा तो कुठे गेला कळलं नाही.

आता खरी गंमत ऐक. आबा म्हणतात, ते न्यायला येतील, माफी मागतील, मगच लेक पाठवू. सुरतेहून वाल्मिकचं पत्र आलं, "नेलं त्यांनी, तर आणून सोडतीलही तेच. मी न्यायला आलो तर आईची मान खाली जाते, तूच सांग मी काय करू." म्हणजे इकडचे पाठवत नाहीत आणि तिकडचे नेत नाहीत. दोन्ही घरं आपापल्या जागी बरोबर, मधे मी बसलेय. तू मला सोडवलंस ना? बघ कशी सुटलेय ते.

गायत्री


जळगाव
१० जून १९९७

चि. गायत्रीस आशीर्वाद.

रागावू नकोस. पाहुणे होते म्हणून येता आलं नाही.

तू म्हणतेस त्यापेक्षा तिथे बरी आहेस. अंगण आहे, माय आहे, मनात येईल तेव्हा दाराबाहेर जाता येतं. थोडे दिवस नुसती राहा. व्याख्यानं काय, पुन्हा होतील. माणूस आधी सुरक्षित पाहिजे.

अजिंठ्याच्या व्याख्यानात काय सांगणार होतीस ते मला लिही. कोणाला तरी सांगितलंस म्हणजे तुलाही बरं वाटेल.

अक्का


दोंडाईचा
१६ ऑगस्ट १९९७

ति. अक्कास,
सा. न.

दोन महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं एकच होतं, गाडी. इथून सुरतेची पॅसेंजर रोज जाते, तिची शिटी मागच्या अंगणात ऐकू येते. ती ऐकली की मी भांडी जोरात घासते. माय समजते, आबा न समजल्यासारखं करतात. माहेरच्या अंगणातसुद्धा माणूस कोंडलेलं असू शकतं, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते.

गेल्या रविवारी कानबाई बसली. ह्या सणाला सुरतेहून गल्लीच्या गल्ली गावाकडे आली. त्यात स्नेहाची आई सुमनबाई, त्यांचं माहेर इथलंच. भेटायला आल्या आणि मलाच रागावल्या. "बाई, म्हातारीला असं बोलतात का?" मी म्हटलं, मी काय बोलले? तेव्हा त्यांनी सांगितलं ते ऐक.

फेब्रुवारीत छगनभाऊंनी आणि बाकीच्यांनी मुलींना बंद केलं होतं, आठवतं? तेव्हा सासूबाई गल्लीत दारोदार गेल्या. प्रत्येक बापाला म्हणाल्या, "मी दारमा बठसू. तुन्ही पोर मन्हा डोयासमोर शे. काही व्हयनं ते माले ईचार." माझ्या डोळ्यांसमोर आहे, काही झालं तर मला विचारा. म्हणून दुसऱ्या शनिवारी वर्ग भरला. पहिल्या दिवसापासून त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, अक्का. माझ्या पुढ्यात बसलेल्या मुलींची डोकी बघत होत्या, एक कमी नाही ना, एक उठून गेली नाही ना. पडद्याकडे तोंड केलं असतं तर मुली पाठीमागे गेल्या असत्या. म्हणून चित्र एकदाही पाहिलं नाही. आणि मी त्यांना काय म्हटलं? पहारेकरी. आणि तो शब्द सगळ्या मजल्यासमोर दादाच्या तोंडून त्यांच्या अंगावर गेला.

सुमनबाई म्हणाल्या, तू गेलीस तशी म्हातारी गोणपाट घेऊन शाळेकडे फिरकलीच नाही. पोरी जून महिनाभर विचारत होत्या, आता विचारत नाहीत.

मी आबांना म्हटलं, मला पोचवा. ते म्हणाले, त्यांनी यावं. मी म्हटलं, मग मी एकटी जाते. आबा शांत आवाजात म्हणाले, "लेक पाठवलेली जाते किंवा नेलेली जाते. स्वतःच्या पायाने गेलीस तर तुला न्यायला ह्या घरातून पुन्हा मूळ निघणार नाही, न आखाजीला न दिवाळीला." दादा उठून ओट्यावर जाऊन बसला. माय चुलीपुढे बसून राहिली.

मला भीती वाटते. पुढे सुरतेला कोणी दार उघडेल की नाही माहीत नाही, आणि मागचं तर बंदच होणार. पण उद्या मी पॅसेंजरला बसतेय.

गायत्री


कतारगाम, सुरत
७ सप्टेंबर १९९७

ति. अक्कास,
सा. न.

मी पोचले. दुपारची वेळ. सासूबाई दारात बसून साडीला टिकल्या चिकटवत होत्या. मला पाहिलं, मग माझ्या मागे जिन्याकडे पाहिलं. बराच वेळ जिन्याकडेच पाहत राहिल्या.

"कोन उनं सोडाले?" म्हणजे सोडायला कोण आलं.

"कोनी नही. मी एकलीच उनू."

त्यांनी साडी बाजूला ठेवली. उठल्या, आत गेल्या, भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन आल्या, माझ्यावरून ओवाळून टाकलं. मी आत येऊन पाणी प्याले, तेव्हा म्हणाल्या, "तुन्हा भाऊ माले पहारेकरी म्हने." मी म्हटलं, शब्द दादाचा नाही, माझा आहे. मीच लिहिला होता. लपवून काय करू? त्या म्हणाल्या, "पहाराच व्हता तो. पन तुन्हावर नही." आणि पुन्हा टिकल्या चिकटवायला बसल्या. नंतर आठ-दहा दिवस कामापुरतं बोलल्या. मला वाटलं होतं मिठी मारून रडतील. तसलं काही झालं नाही. वाल्मिक घरी आले, मला पाहून चपला हातात घेऊन तसेच उभे राहिले, मग विचारलं, "जेवलीस?" बिचारे.

वर्ग मात्र गेला. पांडुरंगसरांनी जुलैपासून ती खोली इंग्रजीच्या शिकवणीला दिली. सर माझ्याकडे बघायला तयार नव्हते. प्रोजेक्टर शाळेबाहेर काढता येत नाही, म्हणजे अजिंठाही कपाटात गेला. मी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. सासूबाई संध्याकाळी उठल्या, गॅलरीत दोरी बांधली, तिच्यावर ग्रे कापड टाकलं आणि गल्लीत निघून गेल्या. थोड्या वेळाने स्नेहा आली, मग आणखी तीनचार. चित्रं नाहीत, म्हणून मी कोळशाने कापडावरच काढत गेले. निम्मीसुद्धा मुलं नाहीत. वाल्मिक म्हणतात, एक तास, त्याच्यावर नको, शेजारी कुरकुर करतात. लायब्ररीला अजूनही एकटी सोडत नाहीत, त्यावरून कालच भांडण झालं. तेव्हा मी सुटले असं समजू नकोस. पण बुधवार आणि शनिवार परत आले.

आबांनी शब्द पाळला. गणपतीचं पत्र आलं नाही.

आता तुला एक विचारते. खरं उत्तर दे, नाहीतर देऊ नकोस. गाडीत तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. दाराची बाहेरून कडी, फोडलेली पत्रं, भाजीवाल्याचा हिशेब. ह्यातलं मी काहीच लिहिलं नव्हतं. तुझी पत्रपेटी मोडली ती अजून दुरुस्त झाली नाही. आखाजीला पाहुणे. थंडी म्हणून बाहेर न पडणं. अक्का, ती कडी कोणाच्या दाराची आहे?

गायत्री


जळगाव
११ जानेवारी १९९८

चि. गायत्री,

चार महिने तुझा प्रश्न लीलाबाईंकडेच पडला होता. वाचून पत्र खिडकीतून त्यांनाच परत दिलं होतं. म्हटलं, घरात नको. खरं म्हणजे डोळ्यांसमोर नको होतं.

माझ्या दाराची आहे.

हे ऑफिसला जाताना कडी घालतात आणि संध्याकाळी काढतात. तिसरं वर्ष आहे. मारत नाहीत, ओरडत नाहीत, म्हणून सांगू काय आणि कोणाला? निळा फ्रीज खरा आहे. लीलाबाई खिडकीतून पत्र देतात आणि खिडकीतून घेतात. रविवारी ह्यांच्याबरोबर देवळात जाते, लोक म्हणतात, जोडा शोभतो.

आखाजीला पाहुणे नव्हते. तुला दोंडाईच्याला पोचवून दादा मला न्यायला आला होता. ह्यांनी दारातूनच सांगितलं, तिला बरं नाही, पाहुणेही आहेत. दादा विश्वास ठेवून गेला. मी आतल्या खोलीत होते. दादाच्या चपलांचा आवाज जिन्यावरून जाईपर्यंत ऐकला आणि तोंड उघडलं नाही. स्वतःसाठी माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, गायत्री. तुझ्या पत्रात 'कोंडलेली' वाचलं आणि तुझ्यासाठी मात्र फुटला. वाटलं, हिला तरी काढते. तुझं सगळं विस्कटलं ते माझ्यामुळे. मला माफ कर असं म्हणायलाही धीर होत नाही.

तुझी व्याख्यानं मी दुपारी वाचते आणि मग डोळे मिटून मागच्या बाकावर बसते. ओट्यावरचा तो मुलगा आजीला उचलतो, तिथे मी दर वेळी रडते. अजिंठा इथून बसने सकाळी जाऊन संध्याकाळी येण्यासारखा आहे, जळगावात राहून मी पाहिलेला नाही. तू कोळशाने काय काढलंस? लिही.

मला न्यायला वगैरे येऊ नकोस. दादाला तर मुळीच सांगू नकोस. तो भांडेल आणि निघून जाईल, नंतर मी इथे असेन.

किती वाजता सुरू होतं ग तुझं व्याख्यान? त्या वेळेला मी इकडे दिवा लावून बसत जाईन.

अक्का


पोस्टकार्ड

कतारगाम, सुरत
२० एप्रिल १९९८

ति. सौ. अक्का, ति. दाजी, आणि हे कार्ड वाचणारे सर्व,
सा. न. वि. वि.

हे मुद्दाम कार्डावर लिहीत आहे, म्हणजे पोस्टमनपासून सगळ्यांना वाचता यावं. पुढच्या बुधवारी, २९ तारखेला, आखाजी. सुषमाअक्काचं मूळ घेऊन मी स्वतः त्याआधीच्या रविवारी दुपारी जळगावला येत आहे. बाई मुऱ्हाळी कशी, असं दाजी विचारतील. आमच्या आबांचं मूळ ह्या वर्षी निघत नाही, मग ज्याला लेक हवी त्याने निघावं. सोबत माझ्या सासूबाई धुरपदाबाई आहेत, स्नेहाची आई सुमनबाई आहेत, आणि वाल्मिकनी पाळी बदलून घेतली आहे. सगळे अक्काच्याच घरी उतरू. तिला बरं नसलं तर बरं वाटेपर्यंत राहू, आम्हाला घाई नाही. पाहुणे असले तर त्यांनाही भेटू. लीलाबाईंना नमस्कार, त्यांनी आम्हाला ओळखण्यासाठी खाली यावं.

अक्का, बुधवारी संध्याकाळी साडेसहाला गॅलरीत व्याख्यान आहे. मागच्या बाजूला बाक नाही, सतरंजी आहे. आमची खोली लहान आहे आणि मी अजून ह्या गावात एकटी लायब्ररीत जाऊ शकत नाही. आता दोघी जाऊ. ह्या वर्षी तुझं माहेर सुरतेला आहे.

दोन साड्या बांधून ठेव.

गायत्री